दाजींचा गुरुवार

दाजी तेंडोलकर हा वाईट माणूस होता. गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, म्हणून मी बरीच वर्षं गप्प राहिले. पण चांगलंच बोलायचं म्हटलं तर हे लिखाण इथंच संपेल. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि त्यांच्या परसातले आंबे गोड होते, एवढं सांगून मी मोकळी होईन. त्यातले आंबे त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. गोड असल्याचं वटवाघळांकडून कळायचं.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा आमच्या घराला लागून दाजींचं घर होतं. बायको वारलेली, मुलगा मुंबईत, घरात ते एकटे. सारी नोकरी कस्टमात गेलेली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. त्या हद्दीवरच्या नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोचकी सोडवण्यात त्यांची हयात गेली, आणि पेन्शन घेतल्यावरही हात थांबले नाहीत. वाटेनं कुणी पिशवी घेऊन चाललं की छत्रीचं टोक पिशवीला लागायचं. ‘उघड बघया.’ माणसं निमूट उघडून दाखवायची. ‘माणूस खोटा बोलता, गठडा बोलणा नाय,’ हे त्यांचं ब्रीद.

मी नवी नवरी उंबरठ्यावर उभी, सासूबाई ओवाळायला तबक आणायला आत गेलेल्या, तेवढ्यात हे गृहस्थ कुंपणाशी आले आणि माझ्या हातातल्या गाठोड्याला छत्री लावली. मी घाबरून गाठ सोडली. आईनं दिलेली गुळाची ढेप निघाली. त्यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, ‘गूळ बरो आसा. आता सून कशी निघता ती बघूया.’

त्यांची आणखी एक खोड होती. एरवी ते मालवणीत बोलायचे, शिव्याही मालवणीतच. त्या शिव्या कुणाला लागत नसत. पण कधीतरी ते एकदम नाक्यावरच्या शुद्ध मराठीत शिरायचे, आणि तसं झालं की ओळखावं, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

त्यांच्या मुलाच्या बाबतीत तसंच झालं होतं. मी येण्याआधीची ही गोष्ट, मला शेजारच्या सरूकाकीनं सांगितलेली. वसंतानं मुंबईत परजातीच्या मुलीशी लग्न केलं आणि बायकोला घेऊन बोटीनं मालवणात आला. बोट लांब समुद्रात उभी राहायची, माणसं पडावातून धक्क्यावर यायची. दाजी धक्क्यावर हजर. त्यांनी मुलाला ट्रंक उघडायला लावली, साऱ्या गावासमोर. सुनेची लुगडी, चोळ्या, फणी, सगळं एकेक करून छत्रीनं उचलून बघितलं. मग शुद्ध मराठीत म्हणाले, ‘या मालाला इथे परवानगी नाही.’ वसंतानं ट्रंक भरली, बायकोला पुन्हा पडावात बसवलं आणि तो त्याच बोटीनं पुढं गेला. पुन्हा आला नाही.

पण त्यानंतर मुंबईची बोट लागे त्या प्रत्येक गुरुवारी दाजी छत्री घेऊन धक्क्यावर जायचे. काय माल उतरतो ते बघायला, असं सांगायचे. शेवटचा उतारू वर येईपर्यंत उभे असायचे. हे सारं मालवण बघत होतं, पण त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

ही सरूकाकी दाजींच्या मागल्या आवारात एका खोपीत राहायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा जनू मोठ्या आगबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला होता. एडनहून त्यानं कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता, की थंडी संपली की येतो. त्यानंतर काहीच नाही. बोट बुडाल्याचंही कळलं नाही आणि जनू उतरल्याचंही नाही. लोक म्हणायचे, आता क्रियाकर्म करून टाक. ती म्हणायची, ‘कोणी बघलो मरताना?’

आता गुरुवारच्या दुसऱ्या भानगडीकडे येते. आमच्या वाडीत रेडिओ एकच, दाजींचा. भलीमोठी बॅटरी लावायला लागायची, आणि एरियलची तार दोन माडांच्या मध्ये बांधलेली. त्या तारेवर कावळा बसला की दाजी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. रेडिओवर आच्छादन होतं ते बायकोचा लग्नातला शेला कापून शिवलेलं. मुंबई केंद्रावर तेव्हा ‘ध्रुवनौका’ नावाची नाटकमालिका लागायची. मंगळाकडे निघालेलं यान, त्यात सेनापती, डॉक्टर मालती, एक यंत्रज्ञ आणि सगळ्यांत लहान सुधाकर. सुधाकरचं काम पृथ्वीशी बोलत राहायचं. प्रत्येक भाग त्याच्या हाकेनं सुरू व्हायचा: ‘पृथ्वी, पृथ्वी, ऐकू येतंय का?’

आणि दाजींच्या अंगणातली पृथ्वी पुटपुटायची, ‘येता, येता.’

दर गुरुवारी दिवेलागणीनंतर सारी वाडी तिथं. ज्यांनी आकाशाकडे मासळी वाळायचा अंदाज घ्यायलाच काय ते बघितलं, ती माणसं यानातली हवा पुरेल का या काळजीनं जेवत नसत. शाळेतले भाऊ मास्तर सेनापतींचे भक्त होते, तसा ताठ बसायचाही प्रयत्न करायचे. मला डॉक्टर मालती आवडायची, कारण ती पुरुषांना उलट उत्तरं द्यायची आणि तिला सासू नव्हती. सरूकाकीचा जीव सुधाकरवर. ‘जनू असोच बोलता,’ ती म्हणायची. ‘बोलणा सोपताना आवाज खाली पडता.’ सुधाकरनं हाक मारली की तिचं ‘येता रे बाबा’ सगळ्यांच्या वर ऐकू यायचं.

दाजी कुणाला कुठं बसू द्यायचं ते ठरवायचे. एकदा ऐन रंगात मास्तरांना खोकला आला. दाजींनी खटकन रेडिओ बंद केला. ‘ह्या रेडिओचा लायसन माझ्या नावार आसा. खोकूचा लायसन कोणाकडे आसा?’ मास्तर उठून रस्त्यावर गेले, पार वळणापर्यंत, तेव्हा कुठं यान पुढं सरकलं.

मग तो भाग आला. उल्केनं यानाला भोक पडलं. ते बुजवायला सुधाकर कमरेला दोर बांधून बाहेर पडला. भोक बुजलं, पण दार आतून अडकलं. बाहेर काळोख, सुधाकर दोराला लटकलेला, आणि तो म्हणतोय, ‘पृथ्वी, पृथ्वी…’ तिथं भाग संपला. दोर म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या माणसांना शिकवावं लागत नाही. तो आठवडा कसा गेला ते आमचं आम्हांला ठाऊक.

पुढच्या गुरुवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओ लागला आणि निवेदक गोड आवाजात म्हणाला, काही अपरिहार्य कारणानं ही मालिका आम्ही इथंच थांबवीत आहोत, आता ऐका, भातावरील करपा व त्याचं निवारण. करपा संपेपर्यंत कुणी उठलं नाही. वाटलं, चुकून झालं असेल, आत्ता दुरुस्त करतील.

दुसऱ्या दिवशी वाडीत सुतक पडल्यासारखं झालं. माणसं वाटेत थांबायची, ‘कळला मां?’ म्हणायची आणि मान हलवून पुढं जायची. शिंप्यानं दुकानाची एकच फळी उघडली. मास्तरांनी केंद्राला विनंती अर्ज धाडला, त्याला उत्तर आलं नाही. ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात, ही तिथली रीत. आमच्या सासूबाईंनी विचार केला, गेलं ते दाजींच्या घरात गेलं. त्यांनी पेज आणि सुकटाची चटणी धाडली. तोवर आणखी दोन घरांतून तांदळाची भाकरी आणि आमटी पोचली होती. दाजींनी सगळं खाल्लं आणि भांडी न धुता परत केली.

मला वाटतं, ती आमटी खातानाच त्यांना कळलं असावं, की या लोकांना आपण काहीही करू शकतो.

पुढच्या गुरुवारी त्यांनी निरोप फिरवला, सगळ्यांनी या. आम्ही गेलो. दाजी रेडिओला कान लावून बसलेले. आतून नुसती खरखर, मधेच शिट्टी, मधेच कुठल्या तरी परक्या भाषेतली दोन अक्षरं. दाजींनी हात वर केला. म्हणाले, मुंबईनं बंद केलं तरी लांबच्या केंद्रावर इंग्रजीत चालू आहे, तुम्हांला कळायचं नाही, मी सांगतो. आणि शुद्ध मराठीत सुरू झाले: ‘सेनापतींनी दार उघडण्याची आज्ञा दिली आहे.’

ते खोटं होतं हे मला पहिल्या घटकेला कळलं. मास्तरांना इंग्रजी येत होतं, त्यांना तर नक्कीच. तरी आम्ही गेलो, आणि पुढच्या गुरुवारी परत गेलो. करप्यापेक्षा हे बरं होतं. शेवटी दाजी निवेदकासारखे म्हणायचे, ‘पुढचा भाग पुढच्या गुरुवारी, याच वेळी,’ आणि तेवढ्यावर आमचा आठवडा निघायचा.

हळूहळू लक्षात आलं की त्या यानात दाजींचा कायदा चालतो. मास्तर एकदा बोलून गेले, की मंगळावर म्हणे असे ढग नसतात. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, खरखर ऐकली आणि म्हणाले, ‘सेनापतींना विषारी वायू लागला आहे.’ पुढच्या गुरुवारी सेनापती गेले. मास्तर महिनाभर पोक काढून चालत होते. यंत्रज्ञ शिंप्याचा लाडका. दाजींच्या सदऱ्याच्या बाह्या त्याच्या हातून आखूड झाल्या, लगेच यंत्रज्ञ वेडा झाला. मी एकदा पदराआड हसले. डॉक्टर मालतीला त्यांनी लगेच मारलं नाही. आधी ती आंधळी झाली, मग तिनं सगळ्यांची क्षमा मागितली, मग गेली. क्षमा मागायची तिला काहीच गरज नव्हती, याचा मला अजून राग येतो.

सुधाकर मात्र जिवंत राहिला. दोराला लटकलेला.

सरूकाकी दाजींचं अंगण सारवायची. पाणी भरायची, वाटण वाटून द्यायची, बाजारातून बांगडा आणून तिखलं करून ठेवायची. यातलं काही तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दाजींनीही कधी नको म्हटलं नाही. गुरुवारी ती पुढं बसायची आणि दाजी अगदी शेवटी सांगायचे, दोर अजून आहे. एखादा बांगडा खारट झाला तर दोराचा एक पीळ उलगडायचा. सारवण चांगलं झालं की सुधाकरचा हात दाराच्या कडीपर्यंत पोचायचा, पण कडी हाती लागायची नाही. असा एक पावसाळा गेला, थंडीही गेली.

एका सकाळी सरूकाकी माझ्याकडे आली आणि म्हणाली, देवळात चल. मीच का, तर ‘तू घाटावरली, तुका खोटा बोलूक येणा नाय.’ देवीला कौल लावायचा होता. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, आजार, सगळं तिथं त्या कळ्यांवर ठरतं.

गुरवानं विचारलं, कोणाच्या नावानं? सरूकाकी म्हणाली, ‘सुधाकर. गाव ठावक नाय. आभाळात आसा.’

गुरवही गुरुवारी अंगणात असायचाच. तो मुळीच हसला नाही. हात जोडून त्यानं खणखणीत सुरुवात केली, ‘बा देवी म्हाराजा, ह्या सरूचो सुधाकर आज दोराक लटाकलेलो आसा, तेका भितर येवची वाट गावांदे म्हाराजा.’ आम्ही दोघी म्हणालो, ‘होय म्हाराजा.’ मी शिकलेली बाई, मॅट्रिक झालेली, पण कळीवरून डोळा हलवता येईना. उजवी कळी ढळली आणि टपकन पडली. सरूकाकी तिथंच खाली बसली. ‘इलो गो,’ एवढंच ती म्हणाली. कोण आला, ते मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी तिनं दाजींच्या हातावर देवीचा प्रसाद ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, देवीनं उजवा दिला, आज सुधाकर आत येतो. अंगणातली माणसं सुखावली. शिंप्यानं तर टाळी वाजवली. दाजींनी प्रसादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नाक्यावरून कुणी न विचारता माल पलीकडे नेला होता, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी कान रेडिओला लावला. फार वेळ खरखर ऐकली. मग सरळ बसले.

‘दोर सुटला,’ ते म्हणाले. ‘सुधाकर यानापासून दूर गेला आहे. त्याची हाक आता ऐकू येत नाही. शोध थांबवण्यात आला आहे.’

कुणी खोकलंसुद्धा नाही. सरूकाकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, ‘सुटलो काय कापलो?’

‘सुटला.’

‘बरा,’ म्हणून ती उठली आणि मागल्या दारानं खोपीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं भटजींना बोलावलं. जो परमुलखात नाहीसा होतो, ज्याचा देह मिळत नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी नाव विचारलं. सरूकाकीनं जनूचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. इतकी वर्षं साऱ्या गावानं सांगून जे तिनं केलं नव्हतं ते आता केलं. वाडीतली सारी माणसं गेली. धूर दाजींच्या परसात येत होता. ते कुंपणाशी उभे राहून मला म्हणाले, ‘मी तां सुधाकराचा सांगलंय. जनूचा नाय सांगलंय.’ त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच खुलासा ऐकला. मी पदर खोचून आत निघून आले.

पुढच्या गुरुवारी अंगणात कुणी आलं नाही. दाजींनी रेडिओ मोठा केला. खरखर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. थोडे गुरुवार त्यांनी तसंच केलं, मग बंद झालं. धक्क्यावर जाणं मात्र चुकलं नाही.

वर्षभरानं त्यांना धक्क्यावरच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सारं कळत मात्र होतं. त्यांना घरी आणलं, आणि सगळे एकमेकांकडे बघत असताना सरूकाकी पदर खोचून पुढं झाली. तिनं त्यांचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, पेज भरवणं, खाट उन्हात ओढणं. गाव म्हणालं, बाई नव्हे देवता. आमच्या सासूबाईंनी तर तिला एकदा वाकून नमस्कार केला.

मास्तरांचे मेव्हणे मुंबईला असायचे. त्यांनी वसंताला गाठून वडिलांची अवस्था कानावर घातली. ते गावी आल्यावर मास्तरांनी विहिरीवर मला आणि सरूकाकीला वसंताचा निरोप सांगितला. तो म्हणाला होता, ‘दाजींना सांगा, त्या मालाला इथे परवानगी नाही.’ मास्तरांना ते वाक्य उच्चारवेना. सरूकाकीनं घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, हे दाजींना कुणी सांगायचं नाही, मी बघते काय ते.

तेव्हापासून गुरुवारी धक्क्यावर ती जाऊ लागली. परत आली की खाटेशी बसून दाजींना वसंताची, म्हणजे तिच्या तोंडच्या वसूची, खबर सांगायची. एका गुरुवारी वसू बोटीच्या कठड्याशी दिसला, पण पडावात जागा नव्हती. एका गुरुवारी तो पडावात उतरला, तर बरोबरच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या, म्हणून वेंगुर्ल्यापर्यंत पुढं गेला. मुलगा झालाय हो दाजीनू, नाक तुमचंच. दाजींचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले असायचे. एखाद्या दिवशी त्यांनी पेज थुंकली की त्या गुरुवारी वसू दिसायचाच नाही. पेज नीट गिळली की तो पडावाच्या काठापर्यंत यायचा.

मला हे कळायला दोनतीन गुरुवार लागले. कळलं तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, काकी, येणार नाही असं एकदा सांगून टाक ना सरळ.

ती म्हणाली, ‘सांगलंय तर आजच मरतलो.’ मग राख हाताला लावून त्यांची ताटली घासायला घेतली आणि म्हणाली, ‘इतक्यात कित्याक?’

मी दाजींना शेवटचं पाहिलं ते वैशाख सरताना. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट त्या दिवशी येऊन गेली होती. आता नारळी पुनव होऊन दर्या निवेपर्यंत मालवणात बोट लागायची नाही. मी फणसाचे गरे घेऊन गेले होते. दाजी उशांना टेकून बसवलेले, तोंड दाराकडे. सरूकाकी धक्क्यावरून आली, पाय झाडले, खाटेशी बसली. तिनं सावकाश सांगितलं. वसू पडावात बसला होता. बायको होती, पोर मांडीवर होतं. पडाव निम्म्यात आला आणि वारा सुटला. तांडेलानं पडाव फिरवला, माणसं परत बोटीवर चढवली. वसूनं धक्क्याकडे हात केला होता.

एवढं सांगून ती थांबली. जन्मात कधी शुद्ध मराठी बोलली नव्हती ती बाई, ती त्यांच्या तोंडाजवळ वाकून, एकेक शब्द नीट जुळवून म्हणाली, ‘पुढचा भाग पुढच्या गुरुवारी. याच वेळी.’

मी दाजींकडे पाहिलं. पुढच्या गुरुवारी बोट नाही, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इतकी वर्षं बोटीच्या वेळांवर काढलेला माणूस. त्यांनी सरूकाकीकडे पाहिलं. मग मान हलवली. होय म्हणून. आणि चालता होता त्या डाव्या हातानं त्यांनी खाटेची कड चाचपली आणि घट्ट धरली.